जादाचे दोन कागद

"ह्या खुर्चीत बसलं की पाय लोंबकाळत्यात. खाली बसते म्हटलं तर न्हाय म्हणत्यात. हक्क हाय म्हणं खुर्चीचा."

गोजाबाई हे माझ्या कानाशी पुटपुटल्या, इतक्या जवळून की त्यांच्या मिश्रीचा वास मला आला. मी टेबलाखालचा एक गठ्ठा पायानं ढकलत ढकलत त्यांच्या पायांखाली नेला. गठ्ठा आमच्याच पुस्तिकांचा होता, 'आपले हक्क ओळखा'. छापून आल्यापासून त्यांचा इतका नेमका उपयोग पहिल्यांदाच झाला.

"आता?"

"आता बरं हाय. कशाचा हाय गठ्ठा?"

"रद्दी आहे, मावशी."

आमचं ऑफिस साखर पेठेत, टॉवेलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. मागच्या बाजूला यंत्रमाग चालतात, त्यामुळं आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस पहिली पाच मिनिटं ओरडून बोलतो आणि मग आपोआप शिकतो. त्या दिवशी अमरेश सरांनी टेबलावर नवी चादर अंथरली होती आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून टाकलं होतं. अमरेश सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. अक्कलकोटचे, माणूस चांगला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तसं वाटणार नाही, आणि माझ्याबद्दलही वाटणार नाही.

पाहुणे येणार होते. तिघं, परदेशातले. त्यांच्या देशात तीस वर्षं लष्कराचं राज्य होतं आणि आता पुढच्या वर्षी पहिली खरी निवडणूक व्हायची होती. गावात लोकशाही कशी चालते ते बघायला ते हिंडत होते. पुण्यात कुणीतरी त्यांना आमचं नाव सांगितलं.

"सारजाबाई, दुभाषी तुम्हीच व्हा," सर म्हणाले होते. "बिड्या वळणारी बाई स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकली, हे त्यांना दिसलं पाहिजे."

मी दिसण्याची वस्तू आहे याला माझी हरकत नाही. सातवी नापास झाले, अडतिसाव्या वर्षापर्यंत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, आणि लेकीची पुस्तकं वाचता वाचता इंग्रजी शिकले. काल झालेली गोष्ट माझ्या इंग्रजीत कधी कधी उद्या होते, पण माणसं समजून घेतात. या संस्थेत आल्याला चौदा वर्षं झाली. गावोगाव जाऊन बायकांना सही शिकवायची, ग्रामसभा म्हणजे काय ते सांगायचं, हे माझं काम. ते सुटलं तर सूप अजून माळ्यावर आहे.

गोजाबाई खरबाडवाडीच्या. मोहोळच्या अलीकडं आत वळलं की त्यांचं गाव. नवरा तात्याबा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा जोतिराम चाकणला कंपनीत. घरी त्या, सून आणि चाळीसएक मेंढरं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, तिथं त्यांच्या सासऱ्यापासून मेंढरं चरतात. चार महिन्यांपूर्वी तिथं सिमेंटचे खांब आले. सौर पॅनेल बसणार, तारेचं कुंपण पडणार. गोजाबाई विचारायला गेल्या तर पंचायतीत सांगितलं, ग्रामसभेनं ठराव करून जागा दिली आहे, आणि सभेला तुम्ही स्वतः हजर होता, हा बघा तुमचा अंगठा.

त्या आमच्याकडं आल्या. आम्ही त्यांच्याकडून माहिती अधिकाराचा अर्ज करवला. अर्ज मी लिहिला, खाली त्यांनी सही केली, चार अक्षरं, दोन मिनिटं. तीन आठवड्यांपूर्वी उत्तर आलं. पाकीट मीच फोडलं, कारण पत्ता ऑफिसचा होता.

आत ठरावाची नक्कल होती आणि मागं हजेरीचे दोन कागद जोडलेले. त्रेचाळीस बायका. डाव्या बाजूला आकडे घातलेले होते आणि ते आकडे माझ्या अक्षरातले होते. माझा चार उलट्या खुर्चीसारखा येतो, लेक अजून हसते. दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता. झेरॉक्समध्ये तो काळा आला, मुळात तांबडा होता. शेंगाचटणीचं तेल.

ते कागद आमच्या शिबिराचे होते.

हे कसं होतं ते सांगते, म्हणजे कुणाला फार मोठं कारस्थान वाटायला नको. शिबिर झालं की हजेरी लागते. ती वर पाठवायची असते, कधी दोन प्रतीत, कधी तीन. गावातल्या बायका एकदा घरी गेल्या की परत सापडत नाहीत, म्हणून आम्ही त्याच दिवशी जादाच्या कागदांवरही सह्या आणि अंगठे घेऊन ठेवतो. वर विषय, तारीख काही लिहायचं नाही. लागेल तेव्हा लागेल ते लिहायचं. चौदा वर्षं असंच केलं, आणि त्यात काही वावगं आहे असं एकदाही मनात आलं नाही. शिबिराचा विषय होता, 'ग्रामसभेत महिलांचा आवाज'.

खरबाडवाडीचे ग्रामसेवक शंकरप्पा. आमच्या शिबिराला शाळेची खोली उघडून देणारे, सतरंज्या स्वतः झटकणारे. पावसाळ्यात एक दिवस ते ऑफिसात आले, घाम पुसत म्हणाले, "अक्का, महिला सभेला बायका येईनात आणि वरनं तर हजेरीचा तगादा. तुमच्याकडं त्याच बायकांची हजेरी आहे, तेच गाव. एखादी जादाची असली तर द्या की." मी सरांकडं बघितलं. सर फोनवर होते, हातानंच म्हणाले, देऊन टाका. मी फाईल काढली, दोन कागद दिले, वर चहा पाजला.

शंकरप्पांनी ते पुढं कुठल्या ठरावाला जोडायचे हे तेव्हा ठरवलं होतं का नंतर कुणी ठरवून दिलं, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "अक्का, मला तरी कुठं माहीत होतं." त्यांची आता बदली झाली आहे.

पाकीट फोडलं त्या दिवशी मी कागद सरांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"हे बाहेर गेलं," ते म्हणाले, "तर आपली चाळीस गावं बंद होतील. निधी जाईल, वर केस होईल. ज्यांना आपण नको आहोत त्यांना हेच पाहिजे."

"पण गोजाबाईंच्या हरकतीला दुसरा पुरावा काय?"

"बघू. काहीतरी शब्दरचना करू."

तीन आठवडे शब्दरचना चालली होती. हरकत तहसीलला द्यायची मुदत उद्या संपत होती. हरकतीत एवढंच लिहायचं होतं की हे कागद सभेचे नाहीत, अमुक शिबिराचे आहेत, आणि खाली आमची सही. तेवढं सोडून बाकी सगळं लिहून झालं होतं. मीही त्या मसुद्यातले स्वल्पविराम दुरुस्त केले. मला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. रोज सकाळी येताना ठरवायची, आज सांगायचं. ऑफिसात आलं की कुठल्या तरी बाईचं रेशन कार्ड पुढं यायचं आणि ते काम खरंच असायचं.

सरांनी गोजाबाईंना आजच बोलावलं होतं. पाहुण्यांना भेटतील आणि हरकतीवर सहीही करतील. "माहिती अधिकार वापरणारी मेंढपाळ स्त्री," असं त्यांनी पाहुण्यांना आधीच कळवलं होतं.

"हे तुमचं पावनं लई मोठं हायती का?" गोजाबाईंनी विचारलं.

"आहेत."

"त्यांनी म्हटलं तर तार काढत्याल?"

"तसं नाही, मावशी. ते आपल्याकडून शिकायला आलेत."

गोजाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसल्या की काय केलं, कळलं नाही.

पाहुणे आले. दोन तरुण पुरुष, आणि डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या साठीच्या एक बाई. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता तिकडच्या निवडणुकीच्या कुठल्याशा समितीवर होत्या. नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं, मी तीनदा विसरले. त्या येऊन थेट गोजाबाईंच्या शेजारी बसल्या. त्यांचेही पाय टेकत नव्हते. गोजाबाईंनी ते बघितलं आणि गठ्ठा पायानं थोडा त्यांच्याकडं सरकवला. दोघींचे चार पाय 'आपले हक्क ओळखा'वर.

सरांनी प्रस्तावना केली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, महिलांचं आरक्षण, ग्रामसभा. तरुण पाहुणे लिहून घेत होते. मग सर म्हणाले, आता प्रत्यक्ष अनुभव, गायरानाची आणि सभेतल्या अंगठ्याची तक्रार थोडक्यात सांगितली, आणि माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांची फाईल त्यांनी स्वतःच्या हातानं पाहुण्या बाईंना दिली. ती न देऊन चाललं नसतं, तेच तर दाखवायला ठेवलं होतं. मी सरांकडं बघत होते, सर पंख्याकडं.

बाईंनी ठरावाचा कागद उलटसुलट करून बघितला, दोन्ही हातांनी, लग्नपत्रिका धरावी तसा. मग बोलल्या, मी मराठी करत गेले.

"त्या म्हणतात, आमच्याकडं एकदा सगळ्या देशाचं मत घेतलं, सेनापती पाहिजे का म्हणून. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी हो म्हटलं. माझी आई त्याच्या दोन वर्षं आधीच वारली होती, तिनंही हो म्हटलं. पण तो कागद आम्हाला कधी बघायला मिळाला नाही. तुमचं बरं आहे, तुम्हाला मागता तरी येतो."

गोजाबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मेलेल्या मानसाचं बरं असतंय. त्याला कुनी इचारत न्हाय, तूच दिला का म्हणून."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गोजाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, हा अंगठा तुमचाच आहे का, का कुणी दुसऱ्यानं उठवला?

"माझाच हाय," गोजाबाईंनी उजवा अंगठा पुढं केला. मधून आडवी चीर गेलेली. "लोकर कातरताना कातर बसली, तवापास्नं अशी हाय. कागदावर बघा, तीच चीर. खोटं कसं बोलू? पन मी सभेला न्हवते. सभा झालीच न्हाय, गावात कुनाला बी इचारा. मग अंगठा तितं गेला कसा?"

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. चीर दिसत होती, सतरा नंबरला. तो सतरा मीच लिहिलेला.

"सून म्हणती, तुमीच दिला असंल, इसरला असाल." गोजाबाई आता पाहुण्यांकडं बघत नव्हत्या, अंगठ्याकडं बघत होत्या. "जोत्या फोनवर म्हणाला, आई, वय झालं. आधी मी भांडायची. आता न्हाय भांडत. परवा चुलीवर दूध ठिवलं आन इसरले, सगळं उतू गेलं. सून काय बोलली न्हाय, नुसतं चूल पुसली. तवा मला वाटलं, दिला असंल बाई. आपुन दिला असंल आन आपल्याला ठावं न्हाय. रातीला नवऱ्याचं नाव, सासूचं नाव, मेंढरांची नावं एकेक म्हणून बघते, हायती का ध्यानात."

हे मला इंग्रजीत करायचं होतं. मेंढरांच्या नावांपर्यंत केलं. त्यापुढं मला पाणी प्यावं लागलं.

तार पडली तर येत्या बाजारी मेंढरं विकायची, हे त्यांनी आल्या आल्याच मला सांगितलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण ते वाईट त्यांना कळत होतं. हे दुसरं त्यांना कळत नव्हतं. आणि ते कशामुळं आहे हे माहीत असलेली दोन माणसं त्याच टेबलाशी बसली होती, एक चादरीची सुरकुती सरळ करत आणि एक भाषांतर करत.

"तुम्हाला लिहिता येतं का?" पाहुण्या बाईंनी विचारलं. शिक्षिकाच त्या.

"सही येतीया की," गोजाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसल्या. "ह्या सारजाबाईंनी शिकिवली. आधी राखेत गिरवली, मग पाटीवर."

बाईंनी आपली वही पुढं केली. गोजाबाईंनी पेन मुठीत धरलं, मग आठवण झाल्यासारखं बोटांत घेतलं. गो. जा. बा. ई. शेवटची वेलांटी ओळीच्या बाहेर गेली. त्यांनी वही लांब धरून बघितली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "बरी आलीया."

तरुण पाहुण्यांनी फोटो काढला. सरांनी टाळी वाजवली. एकट्याचीच वाजली.

पाहुण्या बाई मात्र एकदा वहीकडं, एकदा सतरा नंबरकडं बघत होत्या. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. एवढी चांगली सही येते, तर सभेत अंगठा कशाला दिला?

मी मराठीत विचारलं. विचारावंच लागलं.

मागचे माग चालू होते, खटखट खटखट. सर म्हणाले, "आधी चहा घेऊ या. थंड होतोय." कुणी कप उचलला नाही.

"सही याय लागल्यापास्नं मी कुटंच अंगठा दिला न्हाय," गोजाबाई सावकाश म्हणाल्या. "दवाखान्यात न्हाय, रेशनला न्हाय. रेशनचं मशीन मागतंय ती गोष्ट येगळी. कागदावर न्हाय. एकदाच..."

त्यांची नजर अंगठ्यावर गेली.

मला तो दिवस पुरता आठवत होता. शिबिर संपलेलं, भाकरी खाऊन झालेली, बायका उठायच्या घाईत. गोजाबाई पुढं आल्या, पेन मागितलं. म्हणाल्या, सही करते की. मागं वीस बायकांची रांग. मी म्हटलं, "मावशी, मेंढरं वाट बघत असतील. अंगठाच द्या, पटकन होतंय." त्यांनी हात पुढं केला, मी अंगठा धरला, शाईवर फिरवला, एका कागदावर उठवला. मग दुसरा कागद पुढं ओढला आणि म्हटलं, "आणि हा एक जादाचा." त्यांच्या बोटांना चटणीचं तेल होतं. मी माझ्या पदरानं पुसलं होतं.

गोजाबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. गोठ्यात आलेलं मेंढरू आपलंच आहे का दुसऱ्याचं, हे ओळखताना बघतात तसं. मग नजर खाली नेली आणि पाय गठ्ठ्यावरून काढून घेतले.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "म्हातारी झाले. ध्यानात ऱ्हात न्हाय."

त्यांच्या ध्यानात होतं. मी सही शिकवणारी बाई, असं त्या गावात सांगत आल्या होत्या, आणि आता परक्या लोकांसमोर मला खाली बघायला लागू नये म्हणून त्या स्वतःला म्हातारी म्हणवून घेत होत्या. किंवा अजूनही त्यांची खात्री नसेल. माझ्यावरचा संशय त्यांना स्वतःच्या डोक्यावरच्या संशयापेक्षा जड वाटला असेल. मी ते विचारू शकले नाही.

पाहुण्या बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या?

"सांगा, सारजाबाई," सर हळू आवाजात, चांगल्या मराठीत म्हणाले. "वयामुळं आठवत नाही, एवढंच सांगा. तेच तर म्हणाल्या त्या." त्यांचा आवाज विनवणीचा होता. चाळीस गावं त्या आवाजात होती, आणि तीही खोटी नव्हती.

मी पाहुण्यांकडं वळले. तोंड उघडलं. इंग्रजीत वाक्य तयार होतं, सोपं, काळसुद्धा बरोबर. सिमेंटचे खांब रोवून झाले होते. मी काही बोलल्यानं ते उपटले जाणार नव्हते, हे मला माहीत होतं. तहसीलमध्ये उद्या आमचं लिहून घेतील, टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, बघू. शब्दरचना करू. तार पडायची ती पडेलच.

गोजाबाई पदराचं टोक अंगठ्यावर गुंडाळत होत्या, चीर झाकली जाईल असं.

मी खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर फरशीवर बसले, गठ्ठ्याच्या शेजारी, आणि मराठीत म्हणाले, "मावशी, तुम्ही काही विसरला नाहीत. तो अंगठा मी घेतला होता, शिबिरात, कोऱ्या कागदावर. आणि तो कागद पंचायतीला आम्हीच दिला."